चर्चा धागा: शोकाच्या घरी पहिल्याच प्रार्थनेत उपकारस्तुती (देवाचे आभार मानणं) घ्यावी का?

बुधवारसभा: मंडळीत कुणी गेलं की दफनानंतर दोन-तीन दिवसांत घरी प्रार्थना ठेवतात. बऱ्याच ठिकाणी क्रम ठरल्यासारखाच असतो. दोन गीतं, १ थेस्सलनीकाकरांस ५:१८ ("सर्व स्थितीत उपकारस्तुती करा"), मग रोमकरांस ८:२८ (देवावर प्रीती करणाऱ्यांना सगळ्या गोष्टी मिळून कल्याणकारक होतात), आणि शेवटी घरच्यांपैकी कुणाला तरी साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सर्वांसमोर सांगायला, उभं करायचं. माझं म्हणणं, पहिल्या सभेतून साक्ष आणि ८:२८ दोन्ही काढा. त्याऐवजी स्तोत्र १३ अख्खं वाचा. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोनांत "कोठवर?" हा प्रश्न चारदा येतो, पुढच्या दोनांत मागणं, शेवटच्या दोनांत भरवसा. प्रत्येक जोडीनंतर अर्धा मिनिट गप्प राहायचं. एका दमात वाचलं की ऐकणारा शेवटच्या भरवशावरच जाऊन पोचतो आणि आधीची तक्रार नुसती प्रस्तावना वाटते.

भाकरीचा_तुकडा: अजिबात पटलं नाही. ज्या रात्री प्रभूला धरून दिलं त्याच रात्री त्याने भाकर घेतली आणि उपकारस्तुती करून मोडली (१ करिंथकरांस ११). संकट टळल्यावर नव्हे, आदल्या रात्री. दुःखी माणसाला उपकारस्तुती जड जाईल म्हणून ती लांब ठेवायची, तर प्रभुभोजनही (त्या भाकरीच्या आठवणीचा विधी) लांब ठेवा. इब्री १३:१५ मध्ये "स्तुतीचा यज्ञ" म्हटलंय. यज्ञात काहीतरी जळतंच.

एकेक_शब्द: दोघेही "बद्दल" आणि "मध्ये" यांची गल्लत करताय. ५:१८ ला मूळ ग्रीकमध्ये "एन पांती" आहे, म्हणजे सर्व स्थितीत. मुलगा गेला त्या*बद्दल* आभार माना, असं पत्र लिहिणारा पौल तिथे म्हणत नाही. शिवाय चारच वचनं मागे, ५:१४ ला, खचलेल्यांना धीर द्या, अशक्तांना आधार द्या असं आहे. ते गाळून १८ वर उडी मारायची हा पाळकांचा नेहमीचा आळस.

भाकरीचा_तुकडा: इफिसकरांस ५:२० ला "ह्युपेर पांतोन" आहे की. सर्व गोष्टीं*बद्दल*. त्याचं काय?

एकेक_शब्द: ते आहे, नाकारत नाही. पण मागचं वचन एकमेकांसोबत स्तोत्रं गाण्याचं आहे. तो मंडळीच्या उपासनेचा सूर आहे. तीन दिवसांच्या विधवेला उभं करून म्हणायला लावायचं वाक्य नव्हे. मुलंबाळं, घरदार सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री जमिनीवर गप्प बसले, तेवढंच त्यांचं बरोबर होतं. तोंड उघडलं आणि सगळं बिघडलं. ४२:७ मध्ये देव रागावतो तो त्यांच्यावर, जन्मदिवसाला शाप देणाऱ्या ईयोबावर नाही.

अंजीर_३_१७: मी भाकरीवाल्यांच्या बाजूने. हबक्कूक संदेष्टा बघा. अंजिराला फूल नाही, वेलीला फळ नाही, शेतात धान्य नाही, वाड्यात मेंढरं नाहीत, गोठ्यात गुरं नाहीत. "तरी मी आनंद करीन." रिंकार्टचंही तसंच. जर्मनीतल्या आयलेनबुर्गचे पाळक, १६३७ च्या साथीत चार हजारांवर लोक पुरले, त्यात स्वतःची बायको. आणि त्यातच उपकारस्तुतीचं ते प्रसिद्ध गीत लिहिलं.

बुधवारसभा: इथे एक दुरुस्ती. ते गीत साथीच्या *आधीचं*, जेवणाच्या मेजावरची प्रार्थना म्हणून लिहिलेलं, असं मानलं जातं. माझा मुद्दा नेमका तोच. घरात रोज दोन घास खाण्याआधी म्हटलेलं साथीत तोंडात राहिलं. आपण वर्षभर शिकवत नाही आणि दफनानंतर तिसऱ्या दिवशी परीक्षा घेतो. हबक्कूकनेही आधी एकेका गोष्टीचं नाव घेऊन काय काय गेलं ते मोजलंय. आपल्या सभेत मोजायला कोण देतं?

वसई_किल्लाबंदर: आमच्याकडे कॅथलिकांत संत इग्नेशियसची दिवसाअखेरची मनतपासणी शिकवतात. पाच टप्पे, दहा-पंधरा मिनिटं, आणि पहिलाच टप्पा आभाराचा. शोकातल्या माणसाला मात्र पाचही देऊ नयेत, दोषांची उजळणी तर नकोच. आधीच "डॉक्टरकडे लवकर न्यायला हवं होतं" चालू असतं. फक्त पहिला टप्पा, रात्री झोपताना एकच गोष्ट. ती डोळ्यांनी दिसलेली हवी: शेजारीण थर्मासमधून चहा ठेवून गेली, दुपारी तासभर झोप लागली. वाक्य "निदान"ने सुरू झालं की थांबवा. "निदान फार हाल झाले नाहीत" हे आभार नव्हेत, ती तुलना. ती उलटली की माणूस स्वतःलाच अपराधी धरतो. काहीच सुचलं नाही तर स्तोत्र ८८ वाचून झोपा. त्याचा शेवट अंधारातच आहे आणि तरी ते शास्त्रात आहे.

भाकरीचा_तुकडा: "निदान" पटलं. पण नुसत्या ८८ वर सोडून द्यायचं? १ थेस्सलनीकाकरांस ४:१३ म्हणतं, आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका. पुनरुत्थान बोलायचंच नाही, तर आपली सभा कशाला? पंडिता रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ मध्ये गेली. बाईंनी बायबलच्या भाषांतराचं काम तरीही सोडलं नाही, १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या. आशा मला तिथे दिसते.

एकेक_शब्द: दिसतेच. पण त्यांना साक्ष द्यायला कुणी उभं केलं नव्हतं. आणि ८:२८ ला जायचंच असेल तर ८:२२ पासून चला. सृष्टी कण्हते, आपण कण्हतो, आत्माही कण्हतो. तीनदा कण्हणं, मग २८.

बुधवारसभा: ठीक, मग असं: स्तोत्र १३, शांतता, रोम ८:२२ ते २८ सलग, छोटी प्रार्थना. पंचवीस मिनिटांच्या आत. साक्ष नाही. पुनरुत्थानाचं वचन १ थेस्सलनीकाकरांस ४:१३-१४, पण पाळकांनी वाचायचं, समजावायचं नाही.

भाकरीचा_तुकडा: गीत कुठे गेलं? एक तरी हवं, शेवटी. आणि पेटी नेहमीच्या पट्टीपेक्षा दोन स्वर खाली धरा. रडून बसलेल्या गळ्याला वरचं झेपत नाही, मग घरचे गप्प आणि पाहुणेच गातात.