प्रश्नांचा क्रम बदलला की उत्तरं का बदलतात? यात क्वांटम गणिताचा काय संबंध?

गोदाकाठ
बारा वर्षं झाली, नाशिक जिल्ह्यात घरोघरी जाऊन सर्व्हे करते. मागच्या उन्हाळ्यात पाणीयोजनेचे फॉर्म भरत होतो. त्यात दोन प्रश्न लागोपाठ होते : सरपंचांवर विश्वास आहे का, ग्रामसेवकांवर आहे का. निम्म्या फॉर्मवर सरपंच आधी, निम्म्यांवर ग्रामसेवक आधी.

एका ओसरीवर आजी शेंगा फोडत बसल्या होत्या. सरपंचांचं विचारलं तर मान वरही न करता "नाही" म्हणाल्या. ग्रामसेवकाचं विचारल्यावर मात्र हात थांबला. शेंग तशीच बोटांत धरून म्हणाल्या, "त्याच्यापरीस बरा म्हणायचा. लिही, हो." ते उत्तर त्यांच्याकडे आधीपासून नव्हतंच, माझ्यासमोर तयार झालं.

पुढे दोन गठ्ठ्यांचे आकडे जुळेनात. ऑफिसने ठरवून टाकलं की मुलींनी फॉर्म घरी बसून भरले, आणि दोघींचं मानधन कापलं. त्या दोघी उन्हातान्हात माझ्याबरोबर फिरल्यात. मला ते अजून सलतं.

भाचा म्हणाला, याला 'क्वांटम कॉग्निशन' म्हणतात, म्हणजे माणसाच्या विचारांना क्वांटमचं गणित लावणं. वाचायला घेतलं तर पहिल्याच पानावर हिल्बर्ट अवकाश असलं जड गणित. माझं बी.ए. अर्थशास्त्रात, संख्याशास्त्राचे दोन पेपर होते तेवढेच. मेंदूत खरोखर क्वांटम काही चालतं असं यांचं म्हणणं आहे का? आणि आमच्या फॉर्मना याचा काही उपयोग?

लंबरूप
ताई, मेंदूचं आधी सांगतो : नाही. मेंदूतल्या सूक्ष्मनलिकांत क्वांटम क्रिया चालतात हा पेनरोज आणि हॅमरॉफ या शास्त्रज्ञांचा दावा वेगळा. इंडियाना विद्यापीठातले बुसेमायर, ब्रसेल्सचे आर्ट्‌स ही मंडळी क्वांटम भौतिकीतलं फक्त संभाव्यतेचं गणित उसनं घेतात.

तुम्ही शिकलात ती संभाव्यता रशियन गणितज्ञ कोल्मोगोरोव्ह यांनी 1933 मध्ये मांडलेल्या पायावर उभी आहे. तिथे 'अ आणि ब' म्हटलं काय, 'ब आणि अ' म्हटलं काय, एकच.

आता आलेखाचा कागद घ्या. एक एकक लांबीचा आडवा बाण काढा, ही मनाची स्थिती. 'ब'ला होकार म्हणजे उभी रेघ. बाणाची त्या रेघेवर सावली शून्य, म्हणून 'ब' थेट विचारला तर होकाराची शक्यता शून्य. आधी 'अ' विचारा, ज्याच्या होकाराची रेघ 45 अंशांवर आहे. सावलीच्या लांबीचा वर्ग म्हणजे शक्यता, ती 1/2. उत्तर दिल्यावर बाण त्या रेघेवर येऊन बसतो, आणि तिथून 'ब'ला होकाराची शक्यता पुन्हा 1/2. 'अ'ला नकार मिळाला तरी पुढचा हिशेब तोच. म्हणजे आधी 'अ' विचारल्यामुळे 'ब'च्या होकाराची शक्यता शून्यावरून 1/2 वर गेली. तुमच्या आजींची थांबलेली शेंग ती हीच.

अमेरिकेत 1997 मध्ये गॅलप या सर्वेक्षण संस्थेने विचारलं होतं : राष्ट्राध्यक्ष क्लिंटन प्रामाणिक आहेत का, उपराष्ट्राध्यक्ष गोर आहेत का? क्लिंटन आधी विचारले तेव्हा त्यांना 50 टक्के होकार, गोरनंतर विचारले तेव्हा 57. गोर आधी तर 68, क्लिंटननंतर 60. कुणी खोटं बोललं नव्हतं, फॉर्मही कुणी घरी भरले नव्हते.

संकल्पनांचंही असंच होतं. मानसशास्त्रज्ञ हॅम्प्टन यांच्या 1988 च्या प्रयोगात पुदिना 'अन्न' आहे याला 0.87 गुण, 'वनस्पती' आहे याला 0.81, आणि दोन्ही एकदम आहे याला 0.90! नेहमीच्या संभाव्यतेत 'दोन्ही'चा आकडा एकेकट्यापेक्षा मोठा होऊच शकत नाही.

मोजपट्टी
पहिल्या उत्तराशी तुलना होते म्हणून दुसरं बदलतं, हे मानसशास्त्र कधीचं सांगतंय. हवा तो कोन निवडायची मुभा असेल तर कुठलाही आकडा बसवता येईल. कोन न निवडता या गणिताने काही सांगितलंय का?

लंबरूप
सांगितलंय, आणि मला या विषयात तेच सर्वांत मोलाचं वाटतं. दोन्हींना 'हो' आणि दोन्हींना 'नाही' म्हणणाऱ्यांची बेरीज करा. प्रश्नांच्या मध्ये नवी माहिती दिली नसेल, तर क्रम उलटला तरी ती बेरीज तेवढीच राहायला हवी, कोन कोणताही असो. क्लिंटन-गोरमध्ये ती दोन्ही क्रमांत 78 टक्क्यांच्या आसपास आली. वांग, बुसेमायर आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये अमेरिकेतली 70 राष्ट्रीय सर्वेक्षणं तपासली, तिथेही हे नातं फार चांगलं टिकलं.

पण तुमची शंका पोकळ नाही. 2016 मध्ये बॉयर-कासेम आणि सहकाऱ्यांनी दुसरी कसोटी लावली. एका उत्तराला एकच रेघ मानणारी, म्हणजे मी वर काढली तसली साधी प्रारूपं, तिच्यात नापास झाली. रेघेऐवजी पूर्ण प्रतल घेतलं तर वाट उरते.

ताई, फॉर्म कसे वाटले होते? एका गावाला एकच क्रम गेला असेल तर तुलना करू नका.

गोदाकाठ
नाही, प्रत्येक गावात एकाआड एक घर. आणि दोन प्रश्नांमध्ये आम्ही काहीच बोलायचो नाही, तशी सक्त ताकीद होती.

कागद काढून पाहिला. 45 अंशांची रेघ ओढल्यावर एकदम कळलं.

झेरॉक्सचे दोन्ही गठ्ठे माझ्याकडे आहेत. हो-हो आणि नाही-नाही आज रात्री मोजायला बसते. बेरीज जुळली तर कागद घेऊन ऑफिसात जाईन, त्या दोघींनाही बरोबर नेईन. एकच अडचण : बऱ्याच जणांनी 'सांगता येत नाही' म्हटलंय. ते फॉर्म बाजूला काढायचे का?

लंबरूप
हो, दोन्ही प्रश्नांना हो किंवा नाही असं स्पष्ट उत्तर असलेलेच फॉर्म धरा. क्लिंटन-गोरची बेरीजही तशीच केलेली आहे. टक्के काढताना भागायचंही तेवढ्याच फॉर्मांच्या संख्येने, आणि दोन्ही गठ्ठ्यांचं वेगवेगळं.