अनुभव सांगा: दारात आलेला माणूस

चिंचपाड्याची लेक
काल भर दुपारी एक आजोबा गेटशी थांबून पाणी मागत होते. त्यांना सावलीत बसवलं आणि आमचं चिंचपाड्याचं घर डोळ्यांपुढे आलं. मिशनचा दवाखाना जवळच. पाड्यांवरून पेशंट घेऊन आलेल्यांची शेवटची एसटी चुकली की ती माणसं आमच्या पडवीत. आईनं तिथे खाट, स्टूल, माठ आणि कंदील कायम ठेवलेला. बायबलात २ राजे ४ मध्ये शुनेमची बाई अलीशा संदेष्ट्यासाठी माडीवर खोली करते, आत पलंग, मेज, बसायला आसन, दिवा. आई म्हणायची, बघ, तिनं एवढ्याशा गोष्टींचा विचार केला. नाव-गाव नंतर, आधी "जेवलात का?" मंडळीतला, म्हणजे आपल्या चर्चचा, आहे की नाही, हे तर तिनं कधीच विचारलं नाही.
तुमच्या घरचं सांगा ना. नाताळचं नको, रोजचं.

विसरवाडी फाटा
२०२०, लॉकडाउन. सुरतेहून माणसं पायी निघालेली, डोक्यावर बोचकी, कडेवर लेकरं. आमचं घर हायवेला लागूनच. पप्पांनी अंगणात चुन्यानं गोल आखले, मम्मी आणि मंडळीतल्या दोन मावश्या पातेलंभर तुरीच्या डाळीची खिचडी टाकायच्या. घरात भीती होतीच, आजी ऐंशीच्या पुढची. पण आजीच म्हणाली, पाय बघा त्यांचे. मग कोमट पाणी आणि मीठ घालून टब ठेवले. एक बाई पाय पाण्यात घालून तशीच रडत बसली. मध्य प्रदेशात जायचं होतं तिला, अजून कोंडाईबारी घाटसुद्धा चढायचा होता. पोचली असेल ना? अजून तिच्यासाठी प्रार्थना करते.

अमळनेरना भाऊ
आमनी मायनं एकच म्हननं व्हतं, "पयले जेवी ले, मंग बोल." भांडायला आलेला माणूसपण जेवून जायचा 😄

जळगावची सूनबाई
आम्ही ख्रिस्ती नाही, पण लिहिते. बाळंतपणाला माहेरचं कोणी येऊ शकलं नाही, तेव्हा शेजारच्या ख्रिस्ती काकूंनी सव्वा महिना डबा दिला. बाजरीची भाकरी, मेथी, डिंकाचे लाडू. मला घास जात नव्हता तेव्हा बसून राहायच्या, उपदेश एक नाही. जाताना डोक्यावर हात ठेवून मनातल्या मनात काहीतरी म्हणायच्या, तेवढंच.
बाकी भरिताचा सीझन आला की आता आमच्याकडून त्यांना पहिलं पातेलं जातं.

तापीकाठ
भरीत म्हटलं की कळण्याची भाकरी पाहिजे, पुरी नाही. वाद नको 🙏

जळगावची सूनबाई
@तापीकाठ लग्नात पुरीच असते हो भाऊ!

गावितांची मोठी
दिवाळीनंतर आमच्याकडची निम्मी गल्ली ऊसतोडीला गुजरातमध्ये जाते. शाळा बुडू नये म्हणून शेजारची दोन पोरं आमच्या घरी राहायची, पार होळीपर्यंत. आई त्यांना आमच्याबरोबर पाणी भरायला, भांडी घासायला लावायची. लोक बोलले, परक्याची लेकरं राबवते. तिचं म्हणणं, पाहुणा चार दिवसांचा असतो, यांना इथे मोठं व्हायचंय. ताटं सारखी, काम सारखं, मारपण सारखा. त्यातला धाकटा आज शिक्षक आहे, आईला "याहा", म्हणजे आईच, म्हणतो. मला हाच पाहुणचार खरा वाटतो, लेकरू ओशाळं होत नाही.

धुळ्याहून
सगळ्यांचं वाचून डोळे भरले. पण एक विचारते, राग नको. प्रत्येक गोष्टीत चुलीपुढे आईच का? रात्री अकराला पाळकसाहेब चार जणांना घेऊन आले की भाकऱ्या कोण थापतं? १ पेत्र ४:९ मध्ये कुरकुर न करता पाहुणचार करा असं लिहिलंय, ते सगळ्या मंडळीला लिहिलंय, फक्त बायकांना नाही. आणि येशू घरी आला तेव्हा कामात गुंतलेल्या मार्थेलाच बोल लावणारे उपदेश मी लहानपणापासून ऐकतेय. जेवायला तर सगळ्यांनाच लागतं.

चिंचपाड्याची लेक
@धुळ्याहून राग कशाला, खरंय. आई शेवटी जेवायची, आणि उरलं नसेल तर सांगायचीपण नाही.

नवापूर स्टेशन
@धुळ्याहून ताई, आमच्या घरी दादा रविवारी उपासनेनंतर सगळ्यांची खरकटी भांडी स्वतः घासायचे. योहान १३ मध्ये गुरूनं शिष्यांचे पाय धुतले, मग मला ताटं धुवायला काय होतंय, एवढंच म्हणायचे. गावात हसायचे लोक. आता माझा मुलगा घासतो, कोणी हसत नाही.

तापीकाठ
@नवापूर स्टेशन ते अर्धं महाराष्ट्रात अर्धं गुजरातमध्ये असलेलं स्टेशन ना? तिकडे यायचंय एकदा.

नवापूर स्टेशन
हो तेच. या की, घर चालत दहा मिनिटांवर. पण आधी सांगू नका, असेल ते खाऊ.

सिस्टरताई
नाइट ड्यूटीवरून आले, पटकन लिहिते. माझ्याबरोबर मिझोरामची एक नर्स होती. दर वेळी भात टाकताना एक मूठ तांदूळ वेगळ्या डब्यात काढायची. त्यांच्याकडे मंडळीतल्या बायका १९१० पासून करतात हे, बुहफाई थाम म्हणतात. तो तांदूळ गोळा करून विकतात, पैसे मंडळीच्या कामाला. माझ्याकडे आता दादर ज्वारीच्या पिठाचा असाच डबा आहे. एलीया संदेष्ट्याला जेवू घालणाऱ्या सारफथच्या विधवेकडे तरी काय होतं, मूठभर पीठ आणि थोडं तेल.

गावितांची मोठी
@सिस्टरताई हे मला फार आवडलं. पण पिठाला लगेच अळ्या होतात ना गं?

सिस्टरताई
पीठ नको ठेवूस मग, ज्वारीच ठेव. कडुनिंबाचा वाळलेला पाला टाक, टिकते. माझा डबा महिनाअखेर ऊसतोडीहून परतलेल्या एका घरी जातो, राहतच नाही. झोपते आता.