मदत हवी आहे : ‘बद्ध’मध्ये त, मग जर्मन ‘गेबुंडन’मध्ये न का?

मराठी ‘बांधणे’ आणि जर्मन ‘बिंडन’ यांचं मूळ एकच, यावर एक टिपण लिहितेय. एका जागी अडकलेय.

जे जुळलं ते असं. आद्य-जर्मानिक (जर्मन, इंग्रजी वगैरेंची पूर्वज भाषा; * म्हणजे अनुमानाने मांडलेलं रूप) *बिंदनां, त्यामागे मूळ *भेंध्. जर्मानिकमध्ये भ चा ब आणि ध चा द झाला. संस्कृतात एका धातूत दोन महाप्राण नकोत म्हणून पहिला भ अल्पप्राण झाला, बन्ध् उरलं. पण भविष्यकाळात, ‘भन्त्स्यति’मध्ये, ध चा त होताच तो भ परत येतो! हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्या शब्दाकडे बघत बसले होते.

अडलंय ते भूतकालवाचक विशेषणाशी. संस्कृतात ‘बद्ध’ (ध् + त मिळून द्ध), म्हणजे -त प्रत्यय. जर्मनमध्ये गेबुंडन, म्हणजे -न. चौथ्या शतकातल्या बायबलच्या गॉथिक या जुन्या जर्मानिक भाषेतही ‘बुंदन्स’च, त्यामुळे हा नंतरचा जर्मन बदल नव्हे. भिद् धातूला मात्र दोन्हीकडे न आहे : आपलं ‘भिन्न’, इंग्रजी ‘बिटन’.

‘आल्ट’ (म्हातारा) आणि ‘काल्ट’ (थंड) ही जुन्या -त ची उरलेली रूपं मानतात, हे वाचलंय. ग्रिमचा नियम (वर आलेल्या भ-ब, ध-द सारख्या बदलांचा) माहीत आहे, तो पुन्हा नको. जर्मन वाचता येतं, नॉर्स नाही.

*बिंदनां किंवा त्याच गणातल्या एखाद्या सबल (मुळातला स्वर बदलून भूतकाळ करणाऱ्या) क्रियापदाचं -त वालं जुनं रूप कुठल्या जर्मानिक भाषेत, निदान विशेषण म्हणून तरी, टिकलंय का?