गावच्या घराला कॅमेरा: वायफायचा की वायरचा?

आईवडील गावी एकटे असतात, चार कॅमेरे बसवायचेत, वायफायचे घ्यावेत की वायरचे, असं तुम्ही विचारलंय. इथे उत्तर देणाऱ्या बहुतेकांनी वायफाय सुचवलंय. फ्लॅटच्या दारासाठी ठीक आहे, पण जुन्या चिऱ्याच्या भिंतींतून मागच्या पडवीपर्यंत सिग्नल पोचेल असं वाटत नाही. मी वायरचेच घेईन. पीओई (पॉवर ओव्हर इथरनेट) असेल तर एकाच लॅन केबलमधून वीज आणि चित्र दोन्ही जातं, १०० मीटरपर्यंत.

मेगापिक्सेलपेक्षा हार्ड डिस्कचा हिशोब आधी करा. २ मेगापिक्सेलचा कॅमेरा २ एमबीपीएसने (सेकंदाला २ मेगाबिट) सतत रेकॉर्ड करत असेल तर दिवसाला साधारण २१ जीबी खातो. म्हणजे चार कॅमेरे आणि १ टीबी डिस्कमध्ये जेमतेम अकरा-बारा दिवस, मग जुनं पुसून त्यावर नवं रेकॉर्ड होतं. तुम्ही गणपतीनंतर थेट दिवाळीला जाणार असाल तर विचार करा!

आणि वीज. आमच्याकडे इन्व्हर्टर टीव्ही-पंख्याला आणि कॅमेऱ्यांना जोडलेला, राउटर मात्र त्यावर नव्हता. लाइट गेली की कॅमेरे चालू, पण मोबाइलवर काही दिसेना. रेकॉर्डर (ज्यात हार्ड डिस्क असते), पीओई स्विच (जो केबलमधून कॅमेऱ्यांना वीज देतो) आणि राउटर तिन्ही बॅकअपवर घ्या.

एक गंमत सांगतो. रात्री सारखे अलर्ट यायचे, बघावं तर पडद्यावर पांढरी दोरी हलतेय. भिंगासमोर कोळ्याचं जाळं! अंधारात दिसावं म्हणून कॅमेरा जो इन्फ्रारेड उजेड टाकतो, त्यात ते चमकतं. आता बाबा दर रविवारी केरसुणीने झटकतात.

पासवर्ड मात्र बसवणाऱ्याने ठेवलेला राहू देऊ नका, त्याच्यासमोरच बदला.