ससोबाने पुडी नाकारली. बरं, मग?

खोडरबर:
परवा या फोरमवर एकाने (नाव घेत नाही, येतीलच) लहान मुलांच्या पुस्तकांचा एक संच डोक्यावर घेतला. म्हणे, हा वाचून दाखवा, मूल व्यसनाकडे आणि जंक फूडकडे ढुंकूनही बघणार नाही. तो संच आमच्याकडे भेट आलाय आणि मी तो दोनदा वाचून दाखवलाय, म्हणून बोलतो.

गोष्ट पहिली. कोल्हा झाडाआडून येतो, ससोबापुढे चमचमती पुडी धरतो. ससोबा छाती पुढे काढून 'नाही!' म्हणतो. अस्वल हवालदार कोल्ह्याला धरून नेतं. संपलं. मला पहिली सिगारेट मावसभावाने दिली, गच्चीवर, मी तेरा वर्षांचा असताना. तेव्हा मला जगात त्याच्याइतका भारी माणूस दुसरा नव्हता. त्याला शेपूट नव्हतं हो! नावडत्या माणसाला 'नाही' म्हणायला पुस्तक कशाला लागतं?

आणि हे सगळं अमेरिकेत करून झालंय. १९८३ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये 'डेअर' हा शाळांतला व्यसनविरोधी कार्यक्रम सुरू झाला, गणवेशातले पोलीस वर्गावर येऊन शिकवायचे. १९९४ मध्ये त्यावरच्या अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला, तर मुलांची माहिती वाढलेली, पण प्रत्यक्ष व्यसनांवर परिणाम नावापुरता.

गोष्ट दुसरी, गाजरराजा विरुद्ध चिप्सासुर. आमची सहा वर्षांची कन्या वाढदिवसाचा केक खाऊन रात्री विचारते, "बाबा, मी आता चिप्सासुराच्या टोळीत गेले का?" झोपेना. या पुस्तकाची शिफारस करणाऱ्याने येऊन तिला झोपवावं.

शिस्तप्रिय:
नाव घेत नाही म्हणे! मीच तो. एकवीस वर्षं तिसरीला शिकवतोय. तुमच्या घरी एक मूल, माझ्या वर्गात चौतीस.

लहान मुलाला आधी काळं-पांढरं कळतं, करडं नंतर. विस्तवाला हात लावू नकोस म्हणताना आपण विस्तवाची बाजू समजावून सांगतो का? आणि मुलं चित्रांना भुलतात हे सिद्ध झालेलं आहे. सफरचंदावर एल्मोचं (टीव्हीवरच्या त्या लाल बाहुल्याचं) स्टिकर लावलं तर मुलं बिस्किट सोडून सफरचंद उचलतात, हा प्रयोग गाजलेला आहे. माझ्या वर्गात गाजरराजा वाचल्यावर डब्यात गाजरं यायला लागली, ती मी डोळ्यांनी पाहिली.

खोडरबर:
डब्यात आली. पोटात गेली का, तेही पाहिलंत?

उलटतपासणी:
शिस्तप्रिय सर, तो एल्मोवाला निबंध २०१७ मध्ये मागे घेतला गेला. ८ ते ११ वर्षांची मुलं म्हणून छापलं होतं, प्रत्यक्षात निघाली ३ ते ५ वर्षांची! मुख्य संशोधक ब्रायन वॅनसिंक यांचे आणखीही बरेच निबंध मागे घेतले गेले. दुसरा दाखला द्या.

शिस्तप्रिय:
बरं. सफरचंद तुमचं. गाजरं माझीच.

उलटतपासणी:
माझा आक्षेप वेगळाच आहे. ससे-कोल्हे कशाला? टोरोंटोच्या संशोधकांनी ४ ते ६ वर्षांच्या मुलांना वाटून घेण्याची एकच गोष्ट दोन प्रकारे वाचून दाखवली, एकात पात्रं माणसं, दुसऱ्यात प्राणी. नंतर स्टिकर वाटायला सांगितले तर माणसांची गोष्ट ऐकलेल्यांनी जास्त दिले. प्राण्यांच्या गोष्टीचा तसा गुण आलाच नाही. मूल म्हणतं, ते सशाचं झालं, माझं काय?

बोरू:
कोल्ह्याने तुमचं काय घोडं मारलंय? शेकडो वर्षं कोल्हे, करकोचे आणि माकडं शहाणपण शिकवत आलीत, तेव्हा स्टिकर मोजायला कुणी बसलं नव्हतं.

मी मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढते. पुडी देणारा 'माणूस' काढायचा म्हटलं की पहिला प्रश्न, कसा काढू? रंग कोणता? कपडे फाटके की इस्त्रीचे? दाढी? जो काढीन त्याच्यासारखा दिसणारा कुणाचा तरी बाप वर्गात असतोच. म्हणून कोल्हा. आळस नाही तो, शहाणपण आहे.

उलटतपासणी:
हे पटलं. पण मग चिप्सासुर जाडा का असतो? तो तर माणूसही नाही, बटाटा आहे! प्रत्येक पुस्तकात तळकट पदार्थाला तीन हनुवट्या आणि गाजराला सिक्स पॅक.

बोरू:
कारण तसाच मागतात. मीही एकदा काढलाय. 'अजून फुगवा' असा निरोप दोनदा आला. फुगवला.

खोडरबर:
म्हणजे कोल्ह्याच्या वेळी कुणाच्या बापाला लागेल याचा विचार, आणि जाड्या मुलांच्या वेळी नाही? वर्गात त्या पोराला मधल्या सुट्टीत काय हाक मारली असेल, सांगू?

बोरू:
घरभाडं तुम्ही भरणार होता का? दोन मुलं आहेत मला. फुकट मिळालेलं पुस्तक वाचून धागे काढणं सोपं असतं.

शिस्तप्रिय:
ताई, रागावू नका, पण हाक मी सांगतो. 'असुर'. दोन दिवस चालली, तिसऱ्या दिवशी मी बंद केली. पुस्तकाचा दोष वगैरे मला तेव्हा वाटला नाही. मुलं कशावरूनही चिडवतात.

खोडरबर:
आणि हे तुम्ही शिफारशीत लिहायचं विसरलात.

शिस्तप्रिय:
विसरलो नाही. लिहिलं नाही.

बुचबंद:
(औषधाच्या दुकानात नोकरी, म्हणून मध्येच तोंड घालते.) तुमचा कोल्हा झाडाआड बसलाय, आणि पाच वर्षांच्या पोराला खरा धोका आजीच्या उशाशी, रक्तदाबाच्या गोळ्यांच्या डब्यात. औषध घेत नाही म्हणून आपणच म्हणतो, 'चॉकलेट आहे, आ कर.' अमेरिकेत संत्र्याच्या चवीची मुलांची अ‍ॅस्पिरिन निघाली, पोरं खाऊच्या गोळ्या समजून मूठभर खायची. मुलांना उघडता येणार नाही अशा बुचांचा कायदा १९७० मध्ये आला, त्यामागे अशाच विषबाधा होत्या. माझ्या भाच्याने गोड सिरपची अर्धी बाटली संपवली होती. वाचला. 'औषध खाऊ नसतं, ते फक्त मोठ्यांच्या हातून घ्यायचं' एवढं एक वाक्य मला सगळ्या संचात सापडलं नाही. आणि ते सांगायला ससा चालेल मला.

उलटतपासणी:
ससा चालणार नाही, हेच तर मी सांगतोय.

बुचबंद:
तुम्ही सशाला सोडा हो आता.

तळमजला:
कधी लिहीत नाही, आज लिहिते. माझ्या लहानपणी शाळेत असंच एक पुस्तक होतं. त्यातल्या मुलीचे बाबा बाटलीतलं पाणी पितात आणि राक्षस होतात. मुलगी बाटली फोडते, राक्षसाचे पुन्हा बाबा होतात, सगळे हसतात.

मी आठ वर्षांची होते. घरी येऊन फोडली. आमच्याकडे राक्षसाचे बाबा झाले नाहीत.

पुढची दोन-तीन वर्षं मला वाटायचं की माझं काहीतरी चुकलं, मी उशिरा फोडली, किंवा एक बाटली राहिली. शाळेत कुणाला बोलले नाही, कारण पुस्तकाप्रमाणे माझा बाप राक्षस होता आणि तो तर मला आवडायचा. सकाळी वेणी तोच घालायचा.

मोठेपणी अ‍ॅल-अ‍ॅनॉनच्या (दारू पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठीचा गट) बैठकीत पहिल्यांदा ऐकलं: हे मी घडवलं नाही, मी ते आवरू शकत नाही, मी ते बरं करू शकत नाही. आठव्या वर्षी हे कुणी वाचून दाखवलं असतं तर चाललं असतं. सशाच्या तोंडून, बटाट्याच्या तोंडून, कुणाच्याही.

बोरू:
तळमजला, असं पुस्तक कुणी लिहिलं तर चित्रं मी काढीन. पैशाचं नंतर बघू. वेणीचं चित्र मात्र पहिल्या पानावर हवं.

शिस्तप्रिय:
चौतीस मुलांपैकी कुणाच्या घरी काय चालतं, मला ठाऊक नाही. ठाऊक आहे असं समजत होतो. कोल्ह्याचं पुस्तक मी कपाटात ठेवणार, तेवढ्यासाठी माझ्याशी वाद घालू नका. चिप्सासुर काढून ठेवतो. आणि बाटली फोडायचं एक पुस्तक आमच्याही कपाटात आहे बहुतेक. सोमवारी बघतो.

खोडरबर:
सरांनी माघार घेतली! धागा जपून ठेवा.

शिस्तप्रिय:
अर्धी घेतली. कन्या झोपते का आता?

खोडरबर:
झोपते. गाजर खात नाही.

उलटतपासणी:
सशाचं गाजराशी लावूनच ठेवलंय मुळात, तिथेच घोळ आहे. नवा धागा काढतो.