तक्रारी ग्रुपवर नको, रजिस्टरमध्ये घ्या

सोसायटीच्या इमारतीची दुरुस्ती चालू असताना रहिवाशांच्या तक्रारी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच घ्याव्यात, असं काहीजण सुचवतात, ते मला पटत नाही. तिथे एकाने लिहिलं की दहाजण तुटून पडतात आणि मूळ तक्रार वाहून जाते. आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीत वॉचमनच्या टेबलावर रजिस्टर ठेवलं: फ्लॅट नंबर, तक्रार, सुपरवायझरची सही. वाद बरेच निवळले.

निम्म्या तक्रारी तर माहिती न दिल्यामुळे होतात. एका काकूंच्या बाल्कनीत रोज पाणी टपकायचं, त्यांना वाटलं गळती वाढली. खरं तर वरच्या नव्या प्लास्टरला पाणी मारणं चालू होतं, आणि ते किमान 7 दिवस मारावंच लागतं. आदल्या दिवशी लिफ्टमध्ये कागद लावला असता तर त्यांनी वाळत घातलेले कपडे वाचले असते.

परांची बांधण्याआधी प्रत्येक खिडकी, ग्रिल, एसीच्या युनिटचे फोटो काढाच. नंतर काच कोणी फोडली यावर भांडण नको. दुपारी तोडफोड बंद ठेवा, घरोघरी म्हातारी माणसं आणि तान्ही बाळं असतात. आणि गच्चीवर पाणी साठवून गळती तपासल्याशिवाय कंत्राटदाराचं शेवटचं बिल अजिबात देऊ नका.