शब्दचर्चा: ‘बोल्ड कन्डेन्स्ड सान्स-सेरिफ’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न: मथळ्यांसाठी वापरतात त्या जाड, उभट टंकाला (फॉन्टला) काही ठिकाणी ‘ठळक संक्षिप्त टंक’ म्हटलेले दिसते. हे बरोबर आहे का? (उत्तरे ‘अक्षरजुळणी’ आणि ‘टंकरेखा’ या दोघांची.)

अक्षरजुळणी: ‘ठळक’ ठीक, ‘संक्षिप्त’ नको. संक्षिप्त मजकूर असतो, अक्षर नव्हे. ‘अरुंद’ म्हणा. ‘दाबलेला’ही टाळाच, कारण हा टंक मुळातच अरुंद रेखाटलेला असतो. जेफ्री ली यांचा ‘इम्पॅक्ट’ (१९६५, स्टीफनसन ब्लेक ही टंक ओतणारी कंपनी, शेफील्ड) बघा: उभ्या रेघा जाड, अक्षरांच्या पोटातली पांढरी जागा अगदी चिंचोळी, लहान अक्षरे जवळजवळ कॅपिटलांना भिडणारी. त्यामुळे ओळी एकमेकींना चिकटवून मथळा भरगच्च बसवता येतो.

टंकरेखा: साधा ठळक फॉन्ट आडवा ७० टक्क्यांवर दाबला की काय होते? उभी रेघ १०० एकक असेल तर ७० होते, शिरोरेषा मात्र ९० एककांचीच राहते. काना बारीक, वरची रेघ जाड! ‘क’ आणि ‘फ’ची दोन्ही पोटे चपटतात ती वेगळीच. अरुंद टंक काढताना उभ्या-आडव्या जाडीचा तोल नव्याने साधावा लागतो आणि गोलाई दंडाला मिळते तिथे रेघ मुद्दाम बारीक करावी लागते, नाहीतर सांध्यात शाई साचल्यासारखा काळा ठिपका दिसतो. सगळ्यात नाजूक जागा ‘ध’ आणि ‘भ’ची. त्यांच्या शिरोरेषेतली फट जाडीमुळे बुजली, की ‘धन’ लांबून ‘घन’ वाचले जाते.

प्रश्न: आणि ‘सान्स-सेरिफ’?

अक्षरजुळणी: सेरिफ म्हणजे रोमन (इंग्रजी) अक्षरांच्या रेघांच्या टोकांवरच्या छोट्या आडव्या रेघा, सान्स-सेरिफ म्हणजे त्या नसलेला टंक. रोमनपुरते नाव तसेच ठेवा. देवनागरीला सेरिफ नसतात, आणि शिरोरेषा म्हणजे सेरिफ नव्हे. आपल्याकडे ‘समजाड’ किंवा ‘एकसारख्या जाडीचा’ म्हटले की नेमके कळते. पूर्ण वर्णन: ठळक, अरुंद, समजाड टंक.

टंकरेखा: वापराबद्दल थोडे. ‘इम्पॅक्ट’ किंवा ‘बेबास नोय’मध्ये देवनागरी नाही. मराठी मथळ्याला तो लावला तर संगणक गुपचूप दुसराच फॉन्ट घेतो, म्हणून इंग्रजी आणि मराठी शेजारी विजोड दिसतात. दोन्ही लिप्या हव्यात तर ‘तेको’, ‘खंड’ किंवा ‘अनेक देवनागरी’ घ्या. ‘अनेक’मध्ये रुंदी ७५ ते १२५ आणि जाडी १०० ते ८०० अशी सरकवता येते. मथळ्याला रुंदी ७५, जाडी ७०० चांगली बसते.

अक्षरांतले अंतर शून्यच ठेवा. वाढवले की शिरोरेषा तुटते, घटवले की काना पुढच्या अक्षरावर चढतो. ओळींचे अंतर (अक्षराच्या मापाच्या पटीत) रोमन कॅपिटलांना १ चालते, मराठीला १.३ च्या खाली नेऊ नका. वरच्या ओळीतल्या ‘दृष्टी’चा ऋकार आणि खालच्या ओळीतल्या ‘वर्षीं’चा रफार-वेलांटी-अनुस्वार एकमेकांत घुसतात. आणि परिच्छेदाला हा टंक लावूच नका. १४ पॉइंटच्या खाली ‘ष्ठ’, ‘द्ध’, ‘क्ष’ यांचे नुसते काळे डाग होतात.